चोवीस भागिले पाच

ऑक्टोबर महिना मला सोसत नाही. नाशिकची हवा थंड असते असं जे लोक सांगतात, ते ऑक्टोबरात इथं आलेले नसतात. पण माझी तक्रार उन्हाबद्दल नाही. आमच्या घरामागं एकच द्राक्षबाग उरली आहे, बाकी सगळीकडे प्लॉट पडले आणि रो-हाऊस उभी राहिली. त्यातल्याच एका रो-हाऊसमध्ये मी राहते, तेव्हा त्याविषयी बोलायला मला तोंड नाही. तर दसऱ्याच्या आगेमागे त्या बागेत छाटणी सुरू होते. सकाळी सातलाच कात्र्यांचा आवाज येतो. मध्येच बायकांचं बोलणं, कोणाचं तरी हसणं, पुन्हा कात्र्या. एक-दोन दिवसांत छाटलेल्या काड्यांचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायला घेतात आणि त्या औषधाचा उग्र वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. तो आला की मी खिडकी लावून घेते. सून म्हणते, "आई, उकडतंय." मी म्हणते, उकडू दे.

मी गणिताची बाई. तीस वर्षं दिंडोरी रोडवरच्या एका हायस्कुलात शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं दहावीला. मला गोलगोल बोलता येत नाही आणि लिहिता तर त्याहून येत नाही. पण या महिन्यात शाळा डोक्यातून जात नाही. सहामाहीचे दिवस, अर्ध्या शटरच्या खिडक्यांतून बाकांवर पडलेलं ऊन, पेपरांच्या गठ्ठ्यांना बांधलेली पांढरी सुतळी, वर्गात घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास. आमच्याकडे दोन प्रकारची मुलं यायची. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्टवर जाणाऱ्यांची, आणि आजूबाजूच्या मळ्यांतली, भाजी-फुलं करणाऱ्यांची किंवा त्यांच्या रानात कामाला जाणाऱ्यांची. पालकसभेला कंपनीवाले बाप यायचे ते शिफ्ट संपवून थेट, आणि मी सरासरी समजावत असताना खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचे. मळ्यातल्या आया मागं भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. कितीही सांगितलं तरी खुर्चीवर बसायच्या नाहीत.

तक्ता माझ्या डोक्यात आला तो आमच्या ह्यांच्यामुळे. हे सातपूरच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. मशीनमधून येणारे नग ठरावीक वेळानं मोजायचे, मापं आलेखाच्या कागदावर मांडायची, वर एक रेघ, खाली एक रेघ, त्यांच्या मध्ये टिंबं. एका रविवारी ते असा कागद घरी घेऊन आले होते. मी म्हटलं, हे मला वर्गात करता येईल. तुम्ही नग मोजता, मी मुलं मोजीन. ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "कर. पण एक लक्षात ठेव, हा तक्ता नग फेकायला नसतो. मशीन कुठं बिघडलंय ते बघायला असतो." मी हो म्हटलं. त्या वेळी मी कागद किती लागेल याचा हिशेब करत होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. चार ब्राऊन पेपर चिकटवून वर्गाच्या मागच्या भिंतीवर तक्ता लावला. दर शनिवारी सकाळच्या शाळेत वीस गुणांची चाचणी. सातवर तांबडी रेघ, कारण विसाचे पस्तीस टक्के सात होतात आणि बोर्डाला पस्तीस लागतात. प्रत्येकाला एक ओळ. सोमवारी पेपर परत मिळाले की ज्यानं त्यानं स्केचपेन घेऊन आपलं टिंब आपल्या हातानं मांडायचं आणि मागच्या टिंबाला जोडायचं. दुसऱ्यानं मांडलेला आकडा माणूस विसरतो, स्वतः मांडलेला विसरत नाही, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

आणि एक नियम. गैरहजर म्हणजे शून्य. मुलं शनिवारी चाचणी चुकवून गोदाकाठी क्रिकेट खेळायला जायची, त्यांना वचक बसावा म्हणून. शून्याचं टिंबही स्वतःच मांडायचं. कारणं मी ऐकत नसे. आजी वारली, सायकल पंक्चर झाली, बहिणीला बघायला पाहुणे आले. दहावीच्या वर्गात आज्या फार मरतात.

खोटं कशाला सांगू, तक्ता लागू पडला. मधल्या सुट्टीत पोरं त्याच्यासमोर घोळका करून उभी राहायची. मागच्या बाकावरचा एक टगा मला म्हणाला, "बाई, माझी रेघ शेअर बाजारासारखी चाललीय, पैसे लावू नका." वर्ग हसला, मीही हसले. पण त्या पोराचीही रेघ दोन महिन्यांत तांबडीच्या वर जाऊन बसली. कोणाला लसावि येत नाही, कोणाला नुसती वजाबाकीच चुकते, ते मला टिंबांवरून कळायला लागलं. शनिवारी शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांना मी तासभर बसवून घ्यायची. शिकवणाऱ्याची म्हणून जी काही धन्यता असते ती मला त्या पावसाळ्यात मिळाली. मग तीच नडली.

सविता त्या कच्च्यांतली. आईबाप दोघं मळ्यांत मजुरीला, घर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. अंगानं बारीक, वेण्या घट्ट, बोलणं कमी. पहिल्या चाचणीत वीसपैकी दोन. मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या शनिवारी तीन, मग परत तीन, मग पाच, मग चार, मग सहा. ती चुकलेली गणितं वेगळ्या वहीत उतरवायची आणि मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभी राहायची. "बाई, एवढंच सांगा." एवढंच म्हणजे कधी एक पायरी, कधी एक चिन्ह. सांगितलं की मान हलवून जायची, पुन्हा तीच चूक करायची नाही. वर्गात हुशार पोरं पंचवीस असतील, पण हा गुण मला दोघा-तिघांतच दिसला.

एकदा मी विचारलं, कशाला एवढी धडपड करतेस गं. म्हणाली, "नर्स व्हायचंय बाई. दहावी पास लागते." तिची आई सरकारी दवाखान्यात आजारी होती तेव्हा ही आठ दिवस खाटेशी बसून होती. तिथल्या नर्सनं एकदा तापाचा कागद हिच्या हातात दिला आणि सांगितलं, मी आकडा सांगते, तू टिंब दे. "आपल्या तक्त्यासारखाच असतो तो बाई," सविता म्हणाली. "फक्त तिथं रेघ खाली यायला पाहिजे."

सप्टेंबरात ती सातवर आली. तांबड्या रेघेवर नेमकी. पुढच्या शनिवारी आठ. आणि मग दोन शनिवार आलीच नाही.

त्या सोमवारी ती आली तेव्हा तिची बोटं तांबडी होती. पेस्टमध्ये रंग घालतात, कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला ते कळावं म्हणून. हाताला पिशव्या बांधल्या तरी तो आत शिरतोच, आणि धुवून जात नाही. ती म्हणाली, "बाई, छाटणी होती. आईच्या टोळीत एक बाई कमी पडली. माझ्या दोन चाचण्या राहिल्या, मला नंतर द्याल का? मी सुट्टीत बसीन." मी म्हटलं, चाचणी एकदाच होते. बोर्ड थांबणार आहे का तुझ्या छाटणीसाठी? ती मागं गेली, स्केचपेन घेतलं, शून्यावर दोन टिंबं दिली आणि आठापासून खाली रेघ ओढली. कागद फुगला होता म्हणून तो दाबायला तिनं डावा हात टेकवला. तिथं बोटांचा तांबडा डाग पडला. मला राग आला, तक्ता खराब झाला म्हणून. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

पुढच्या चाचणीत तिला नऊ मिळाले.

परवा नातीच्या क्लासमधून कॉम्प्युटरवर काढलेला कागद आला. दर आठवड्याचे गुण, रंगीत दांड्या, शेजारी वर्गाची सरासरी. एका आठवड्याला दांडीच नाही, खाली शून्य छापलेलं. त्या आठवड्यात पोर चिकुनगुनियानं पडून होती, पाय टेकवत नव्हता तिला. मी कागद घेऊन क्लासवर गेले. तिथले सर तरुण, चांगले बोलले. "आजी, सिस्टिम तसंच घेते. ॲबसेंट म्हणजे झिरो." मी म्हटलं, सिस्टिम कोणी केली? ते म्हणाले, विकतच घेतली आहे. मला हसू आलं आणि नंतर घरी येऊन तो कागद मी उलटा करून ठेवला. सून म्हणाली, आई, एवढं काय त्यात. तिला कसं सांगणार.

त्या वेळचे आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. मुलांवर हात उचलल्याचं मी कधी पाहिलं नाही. पण आदल्या वर्षी शेजारच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला होता, चौकात फलक लागला होता, आणि आमच्या संस्थेच्या मंडळींनी सरांना बोलावून घेऊन सुनावलं होतं. सहामाहीच्या आधी एके दिवशी सर वर्गात आले, तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, सोन्यासारखं काम केलंत. आता याचा उपयोग करू." उपयोग असा: शेवटच्या पाच चाचण्यांची सरासरी काढायची. सातच्या खाली असतील त्यांना शाळा सोडल्याचा दाखला देऊन टाकायचा. त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यावी. म्हणजे बसायला कोणी अडवत नाही, फक्त ती मुलं आपली राहत नाहीत. नापास झाली तर आपल्या निकालात धरत नाहीत. "सुंठीवाचून खोकला गेला," सर म्हणाले. ही पद्धत त्यांनी शोधली नव्हती. पुष्कळ शाळा करायच्या आणि कोणीही त्याविषयी मोठ्यानं बोलायचं नाही.

मी यादी करायला बसले. याआधी मुलांना कच्चं ठरवणं अंदाजानं व्हायचं, अमका ढ आहे, तमका वाया गेलाय. या वेळी माझ्याकडे आकडे होते. सविताच्या ओळीवर आले. सात, आठ, शून्य, शून्य, नऊ. बेरीज चोवीस. भागिले पाच, चार पूर्णांक आठ दशांश.

मला दिसलं नाही असं नाही. गणित शिकवणाऱ्या बाईला हे दिसत नसेल तर तिनं भाजी विकावी. तीन चाचण्या दिल्या, तिन्हींत पास. भागिले तीन, आठ. पेन्सिल हातात होती, समासात ते लिहून खोडलंही मी. यादी सरांकडे नेली तेव्हा त्यांनीच बोट ठेवलं. "या मुलीचं काय करायचं बाई? शेवटचे नऊ दिसतायत. तक्ता तुमचा आहे, तुम्हीच सांगा."

पंखा फिरत होता. बाहेर खो-खोचा तास चालला होता. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा, सर."

का म्हटलं? एकीला सोडलं तर यादीतल्या बाकीच्या सहांचे पालक उद्या दारात उभे राहतील, हे एक. पण ते नंतर शोधलेलं कारण आहे. खरं कारण लहान आहे. नियम मी केला होता, तक्ता मी केला होता, सर त्याला सोन्यासारखा म्हणाले होते, आणि त्यात चूक आहे असं पहिल्यांदा मीच म्हणावं हे मला जमलं नाही. एवढ्यासाठी.

दाखले वर्गशिक्षिका म्हणून मीच लिहिले. माझं अक्षर चांगलं. दाखल्यावर छापील रकाने असतात. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. सातही जणांचं हेच लिहिलं, कारण असंच लिहायची रीत होती. सविताची आई आली होती, पदरानं घाम पुसत दाराशी उभी. तिच्याही हाताचा रंग गेला नव्हता. "बाई, नापास झाली का ही?" मी म्हटलं, नाही. "मंग?" मी सतरा नंबरचा फॉर्म समजावला, कुठं मिळतो, कधी भरायचा. तिनं ऐकून घेतलं. "शाळंनंच नको म्हणलं तर आमी काय करावं. लय शिकली," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. दमल्यासारखं म्हणाली.

सविता दाखला वाचत होती. सगळा वाचला तिनं, खालच्या सहीपर्यंत. मग म्हणाली, "बाई, प्रगती समाधानकारक लिहिलंय. मग मी चाललेय कुठं?"

मी म्हटलं, घरी अभ्यास कर, अडलं तर ये. ती आली नाही. फॉर्म भरला नाही असं कोणीतरी सांगितलं, आणि मेमध्ये लग्न झालं असंही. पंधरा-सोळा वर्षांची पोर.

जूनमध्ये आमचा निकाल शंभर टक्के लागला. चौकात फलक, शाळेत पेढे, संस्थेकडून मला शाल. घरी येऊन ह्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी विचारलं, "वर्गात किती होते जूनमध्ये, आणि बसले किती?" मी आकडे सांगितले. ते म्हणाले, "आमच्याकडे पण असं करतात. साहेब तपासणीला आला की खराब नग टेबलाखाली सरकवतात." पेढा त्यांनी खाल्ला, नाही असं नाही. पण त्यानंतर तक्त्याविषयी त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सुट्टीत तक्ता काढला. ब्राऊन पेपर उन्हानं फिका पडला होता, तांबडी रेघ विटली होती, बोटांचा डाग तेवढा तसाच. पुढच्या वर्षापासून मी नियम बदलला. गैरहजर असेल तिथं जागा रिकामी सोडायची, आणि मुलाला का आला नाहीस ते विचारायचं. छाटणीत राहिलेली शनिवारची चाचणी पुढच्या बुधवारी पुन्हा घ्यायला लागले. पुन्हा यादी मागितली तेव्हा दिली नाही, त्यावरून सरांशी कायमचं वाकडं आलं. हे सगळं केलं. बैल गेला अन् झोपा केला, याला दुसरं काय म्हणायचं. नंतरच्या पोरांना त्याचा फायदा झाला असेल. सविताला काय त्याचं.

नापासाचं दुःख पुष्कळ मुलांना पचवताना मी पाहिलं आहे. रडतात, एखादं वर्ष जातं, पुन्हा बसतात. त्याला निदान पेपर लिहिल्याचा आधार असतो. सविता नापास झालीच नाही. तिला तिथपर्यंत जाऊ दिलं नाही आम्ही. आम्ही म्हणजे मी.

गेल्या ऑक्टोबरात ह्यांना न्यूमोनिया झाला. खासगी दवाखान्यात आठ दिवस काढले. खिडकीबाहेर कोणाचा तरी बंगला उठत होता, सिमेंटची धूळ आत यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी फरशी पुसायला एक मावशी आली. निळी साडी, पदर खोचलेला, हातात बादली. खाली वाकलेलीच म्हणाली, "बाई, तुम्ही?" मी ओळखलं नाही. "मी सविता. तक्त्यातली."

तक्त्यातली म्हणाली ती. वर्गातली नाही.

पाच वर्षं त्या दवाखान्यात कामाला आहे म्हणाली. दोन मुलं आहेत. नवरा अंबडला होता, कंपनी बंद पडल्यापासून घरीच. ह्यांची चौकशी केली तिनं आणि खाटेच्या पायाशी अडकवलेला तापाचा कागद हातात घेतला. नर्स नसतानाच घेतला, सवयीचं होतं. "उतरतोय बाई ताप. बघा ना, कालपासून रेघ खाली चाललीय. काका दोन दिवसांत घरी जातील." तिचं बोट रेघेवरून सरकत होतं. मला तिच्या बोटांकडे बघवेना, म्हणून मी कागदाकडे पाहिलं. आदल्या दुपारच्या जागी टिंब नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, इथं रिकामं कसं ठेवलं?

"काकांना तेव्हा खाली छातीचा फोटो काढायला नेलं होतं ना," ती म्हणाली. "माणूस जाग्यावर नसताना ताप कसा लिहिणार, बाई?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात. निदान मला दिसला नाही. तिनं कागद परत अडकवला आणि फडकं पिळलं. इतकी वर्षं जे कोणाला म्हटलं नव्हतं ते मग माझ्या तोंडून निघालं. मी म्हटलं, "सविता, तुझी सरासरी आठ होती."

तिनं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.

"माहितीये बाई," म्हणाली. "मी तेव्हाच काढली होती."

मग म्हणाली, पाय थोडे वर घ्या. खाटेखालची फरशी पुसायची राहिली होती.